केंडाला मऊ घास नको

पेणजवळचे जोहे गाव तुम्हाला गणपतीच्या मूर्तींमुळे ठाऊक असेल. मूर्ती वाळली की तिला पॉलिश पेपरने घासून सफाई आणतात. आज ज्या माशाविषयी लिहितो आहे त्यालाही असेच घासणे लागते, आणि तेही जन्मभर. हा मासा म्हणजे केंड. शत्रू दिसताच पाणी गिळून चेंडूसारखा फुगतो तो. हौशी माणसे त्याला घरी खाऱ्या पाण्याच्या काचपेटीत पाळतात आणि नुसत्या मऊ गोळ्या किंवा सोललेली कोलंबी घालतात. माझ्या मते हे भरवणे नव्हे, सावकाश उपाशी ठेवणे आहे.

कसे ते पाहा. केंडाच्या कुळाचे शास्त्रीय नाव टेट्राओडोन्टिडी, म्हणजे ‘चार दातांचे’. वर दोन, खाली दोन, आणि सगळे मिळून पोपटासारखी चोच. उंदराच्या पुढच्या दातांप्रमाणे ही चोच सतत वाढत राहते. समुद्रात शिंपले आणि खेकडे फोडताना ती झिजते. सिंधुदुर्गातल्या मच्छीमारांना विचारा. केंड जाळी कशी कुरतडतो ते सांगतील! मऊ खाण्यावर मात्र चोच झिजत नाही. वाढता वाढता तोंड नीट उघडेनासे होते, आणि समोर घास असून मासा खंगत जातो. मग काही जण त्याला गुंगी देऊन दात कापतात. हा इलाज झाला, आहार नव्हे.

आता समजा, तुम्ही जोह्यातच राहता. धरमतरची खाडी जवळ, म्हणजे शिवल्या आणि लहान चिंबोऱ्या मिळवणे तुम्हाला कठीण नाही. शहरातल्या मुलाला हे इतके सोपे नाही. शिवल्या आणल्यावर स्वच्छ धुवा, काही दिवस बर्फाच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे परजीवींचा धोका कमी होतो. कवचासकटच द्या. पण रोज एकच पदार्थ नको. काही जातींच्या कोलंबीत आणि शिंपल्यांत ब-१ जीवनसत्त्व मोडणारे द्रव्य असते.

केंड मोठा लबाड! माणूस दिसला की काचेशी येऊन नाचतो, आणि आपल्याला वाटते, बिचारा भुकेला आहे. वाढत्या पिलाला रोज थोडे द्यावे. मोठ्याला एक दिवसाआड पुरते. उरलेला घास कुजून पाण्यात अमोनिया होतो, तो माशाला विषच.

विषावरून आठवले. केंडाच्या यकृतात आणि अंडाशयात भयंकर विष असते, शिजवूनही ते जात नाही. १९०९ मध्ये जपानी शास्त्रज्ञ ताहारा यांनी त्याला ‘टेट्रोडोटॉक्सिन’ हे नाव दिले. गंमत अशी की हे विष मासा स्वतः बनवत नाही. ते जीवाणू बनवतात आणि खाण्यातून ते माशात येते. विषरहित अन्नावर वाढवलेले केंड बिनविषारी निघाल्याचे जपानमध्ये दिसून आले आहे. म्हणून घरातला केंड कोणी खाऊन पाहू नये हे सांगायलाच नको. त्याने आधी काय खाल्ले होते ते तुम्हाला कुठे ठाऊक?

ज्याच्या घरी शिवल्या नियमित येणार नाहीत त्याने केंड आणूच नये, दुसरा मासा पाळावा. आणणार असाल तर शिवली लांब चिमट्याने सोडा. शिंपला फोडणाऱ्या चोचीपुढे बोटाचे काय चालणार?