रिकाम्या लहरींचा हिशेब

धरणातले पाणी आज सोडले नाही, तरी उद्या सोडता येते. रेडिओलहरींचे तसे नाही. मोबाइल, उपग्रह आणि रडार ज्यांवर चालतात, त्या लहरींचा एखादा पट्टा आज रिकामा राहिला, तर त्याचा आजचा उपयोग कायमचा बुडाला. जून २०२४च्या लिलावात सुमारे १०,५०० मेगाहर्ट्झ विक्रीस ठेवले होते. विकले गेले जेमतेम १४१. विकल्या गेलेल्या लहरीही सर्वत्र आणि सर्वकाळ वापरल्या जातातच असे नाही.

एकच पट्टा अनेकांनी आळीपाळीने वापरण्याचे तंत्र आज उपलब्ध आहे. अमेरिकेने २०१५ मध्ये नौदलाच्या रडारांसाठी राखलेला पट्टा इतरांस खुला करण्याचे नियम केले. किनाऱ्यावरील संवेदक रडारची चाहूल घेतात आणि संगणकीय व्यवस्था इतरांना तत्काळ तेथून हलवते. आपल्याकडे मुंबईच्या आयआयटीने पालघरच्या खेड्यांत दूरचित्रवाणीच्या रिकाम्या लहरींवरून इंटरनेट पोहोचवून पाहिले आहे.

अडचण तंत्राची नाही, धास्तीची आहे. तिचे एक मूळ बेंगळूरुत सापडते. इस्रोची व्यापारी शाखा अँट्रिक्स हिने २००५ मध्ये देवास या कंपनीशी करार केला. त्यात ७० मेगाहर्ट्झचा मोलाचा पट्टा गुंतला होता. २०११ मध्ये सरकारने तो करार रद्द केला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फसवणुकीच्या कारणावरून देवास गुंडाळण्याचा आदेश कायम ठेवला. दरम्यान, २०१२ मध्ये टू-जीचे १२२ परवाने रद्द झाले. तेव्हापासून लिलाव करावा, नाहीतर कुलूप लावावे, हाच प्रशासनाला सुरक्षित मार्ग वाटतो. वास्तविक त्याच वर्षी न्यायालयाने राष्ट्रपतींच्या पृच्छेवर मत देताना स्पष्ट केले होते, की प्रत्येक नैसर्गिक संपत्तीचा लिलावच झाला पाहिजे असे राज्यघटना सांगत नाही. देवास प्रकरणाचा धडा ‘वाटू नका’ हा नसून ‘बंद दाराआड वाटू नका’ हा आहे.

दूरसंचार कायदा, २०२३ने दार किलकिले केले आहे. एकाला दिलेला पट्टा, हानिकारक अडथळा होणार नसेल, तर दुय्यम वापरासाठी दुसऱ्यालाही देता येईल, असे त्याचे सातवे कलम सांगते. लिलावात कोट्यवधी मोजणाऱ्या कंपन्यांचा आक्षेप रास्त आहे. म्हणून त्यांचा अग्रहक्क अबाधित राहावा आणि दुय्यम शुल्काचा वाटा त्यांना मिळावा. संरक्षण दलांची चिंताही खरी आहे. म्हणून आरंभ न विकल्या गेलेल्या पट्ट्यांपासून व्हावा. त्यांतील आखूड पल्ल्याच्या लहरी पीण्यासारख्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांना उपयोगी पडतील.

मात्र एक अट टाळता येणार नाही. कोणता पट्टा कोणाकडे, कुठे आणि किती वापरात आहे, याची नोंदवही सर्वांना पाहता आली पाहिजे. न्यायालयाने १९९५ मध्येच या लहरी सार्वजनिक मालमत्ता ठरवल्या. मालकाला आपल्या मालमत्तेचा हिशेब मागण्याचा अधिकार आहे.