एका शब्दाच्या पाच नोकऱ्या

इंग्रजी ही शिस्तीची भाषा आहे, असं जो म्हणतो त्याने इंग्रजी नीट पाहिलेली नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे. आम्ही पडलो बी. कॉम.; व्याकरणात तोंड घालायचा आम्हांला अधिकार नाही. पण कुठल्या खात्यातून काय निघालं आणि कुठे जमा झालं, हे बघण्यातच आमची वीस वर्षं गेली.

आता हा 'राउंड' घ्या. 'राउंड फिगर' म्हटलं की विशेषण. वॉचमन रात्री मारतो तो राउंड, नाम. पैसे 'राउंड ऑफ' केले की क्रियापद. 'राउंड द कॉर्नर'मध्ये शब्दयोगी अव्यय, आणि चाक 'राउंड अँड राउंड' फिरलं की क्रियाविशेषण! माणूस एक, खुर्च्या पाच, गणवेश तोच. आमच्या शाखेत हे चाललं तर दुसऱ्या दिवशी युनियन गेट मीटिंग घेईल.

'एडिट'चं तर विचारूच नका. आधी 'एडिटर' जन्मला, मग त्याचं शेपूट कापून 'एडिट' काढलं. म्हणजे मुलाच्या पोटी बाप! वाटाण्याला मुळात 'पीज' म्हणत, एकवचनीच. शेवटचा 'ज' ऐकून साहेबाला ते अनेकवचन वाटलं. त्याने 'ज' खोडून 'पी' केला. चूक लेजरात राहिली, ती राहिलीच. आज तीच शुद्ध.

आणि असल्या भाषेचे एक भक्त मागच्या महिन्यात आमच्या काउंटरवर भाजीवाल्या मावशींना हसले. का, तर त्या म्हणाल्या, "भाऊ, चेक क्लिअर झाला का? नि पासबुकात एन्ट्र्या मारून द्या."

अहो, हसता काय? चेक तो, एन्ट्री ती, पासबुक ते. साहेबाने या पोरांना लिंगसुद्धा दिलं नव्हतं, ते मराठीने दिलं. नदीच्या नद्या, तशा एन्ट्रीच्या एन्ट्र्या. पासबुकाला सप्तमी बिनचूक. शिवाय आमच्याकडे परक्या शब्दाला क्रियापदाच्या खुर्चीत बसायचं तर करणे, होणे, मारणे यांपैकी एकाची सही लागते. याला म्हणतात शिस्त!

मावशी आता बोलत नाहीत. पासबुक पुढे सरकवतात आणि बोटाने दाखवतात.

गृहस्थ परवा विचारून गेले, "माझे ते दोन चेक्सेस पास झाले का हो?"