रुचिराची वाटी, हेब्बाळचं पाणी

कादंबरीबद्दल खोटं बोलणं सोपं असतं. चार पानं वाचून बाजूला ठेवलेल्या पुस्तकाला ‘फारच सुंदर!’ म्हटलं की काम भागतं, कोणी परीक्षा घेत नाही. पाककृतींच्या पुस्तकाचं तसं नाही. त्याचा निकाल दुपारी बारा वाजता ताटात लागतो. गंमत अशी, की तरीही आपल्याकडे स्वयंपाकाच्या पुस्तकांवर प्रामाणिक मत क्वचितच ऐकू येतं. पदार्थ बिघडला की बाई स्वतःलाच दोष देते, पुस्तकाला नाही.

बेंगळूरुच्या उत्तरेला हेब्बाळ आहे. तिथलं जुनं तळं, कृषी विद्यापीठाची हिरवी जमीन आणि सदा गजबजलेला उड्डाणपूल ही त्याची ओळख. २००८ मध्ये देवनहळ्ळीला विमानतळ सुरू झाला आणि या वाटेवर वस्ती झपाट्याने वाढली. पुण्या-कोल्हापूरहून नोकरीसाठी बेंगळूरुत येणाऱ्या मराठी जोडप्यांच्या सामानात एक पुस्तक हमखास निघतं, ते म्हणजे कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’. १९७० साली प्रथम निघालेल्या या पुस्तकाच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या आहेत. पण महाराष्ट्रात साधलेली आमटी हेब्बाळच्या ओट्यावरही तशीच साधते का?

बहुतेक वेळा साधते, आणि याचं श्रेय वाटीला आहे. कमलाबाईंनी ग्रॅम-किलोचा घोळ न घालता वाटी-चमच्याचं माप दिलं. एकाच वाटीने रवा, साखर आणि पाणी मोजलं, तर वाटी लहान असो की मोठी, प्रमाण बिघडत नाही. बिघडतं ते निम्मं वाटीने आणि निम्मं दुकानातून आणलेल्या मापाच्या कपाने घेतलं की.

काही गोष्टी मात्र वाटीच्या हातात नसतात. बेंगळूरु समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून उंचावर आहे. तिथे पाणी १०० ऐवजी साधारण ९७ अंशांवरच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ मुंबईपेक्षा जास्त वेळ घेते आणि तेवढं पाणीही जास्त आटतं. कुकरमुळे हा फरक बराचसा पुसला जातो, पण कडधान्याची उसळ पातेल्यात शिजवणारीला तो कळतो. डिसेंबर-जानेवारीत तिथे रात्री पारा १५-१६ अंशांवर येतो. पुस्तकात ‘रात्रभर’ म्हटलेलं इडलीचं पीठ सकाळी जसंच्या तसं बसलेलं असतं. मिरचीचीही तीच तऱ्हा. हावेरी जिल्ह्यातली ब्याडगी मिरची रंगाला लालभडक, पण तिखटाला सौम्य. लवंगी मिरचीच्या सवयीने चमचाभर तिखट घातलं की आमटी दिसते झणझणीत आणि लागते मिळमिळीत. यात पुस्तकाची चूक नाही आणि करणारीचीही नाही.

मराठी पाकपुस्तकांवर खरी टीका करायची तर ती ‘खमंग भाजून घ्या’ या शब्दांवर करावी. खमंग म्हणजे नेमकं किती, हे जिच्या शेजारी आई उभी असते तिलाच कळतं, आणि पुस्तकाची गरज तर आई शेजारी नसलेल्या मुलीला असते. सारस्वत महिला समाजाने १९४३ साली मराठीत काढलेली ‘रसचंद्रिका’ या बाबतीत फारच तुटक आहे. त्यातले नारळाच्या वाटणाचे पदार्थ चवीला अप्रतिम, पण ते नवशिक्या हातांसाठी नाहीत, हे सांगायला हवं. कर्नाटकाच्या किनाऱ्यावरची चव ज्यांच्या जिभेवर आधीपासून आहे, त्यांनीच ते पुस्तक आधी घ्यावं. तमिळमध्ये एस. मीनाक्षी अम्माळ यांचं ‘समैत्तुप् पार’ १९५१ साली आलं. नावाचा अर्थच ‘शिजवून बघा’. त्याचा इंग्रजी अनुवादही आहे. सांबार-रसम शिकू पाहणाऱ्या मराठी घराला त्याचा उपयोग होतो.

आता कादंबऱ्यांकडे वळू. कर्नाटकात राहायला गेलेल्या मराठी वाचकाने तिथल्या कादंबऱ्या न वाचणं म्हणजे तिथला भात न खाण्यासारखंच. एस. एल. भैरप्पा सप्टेंबर २०२५ मध्ये गेले. मराठी घरांना ते आपलेच वाटत, याचं मोठं कारण उमा कुलकर्णी यांचे अनुवाद. पती विरूपाक्ष कन्नड पुस्तक वाचून ध्वनिमुद्रित करीत आणि उमाताई ते ऐकून मराठीत उतरवीत. कानाने आलेली ती भाषा वाचताना कुठेही अडखळत नाही.

तरीही ‘वंशवृक्ष’बद्दल एक गोष्ट बोललीच पाहिजे. तरुण विधवा कात्यायनी पुन्हा लग्न करते आणि लेखक तिच्यावर एकामागून एक दुःखं लादत जातो. श्रीनिवास श्रोत्रींची व्यक्तिरेखा विसरता येत नाही, हे खरं. पण कात्यायनीचा हिशेब न्यायाने झाला, असं अनेक वाचणाऱ्या बायकांना वाटत नाही. थोर कादंबरी आवडली नाही, तर आपलीच समज कमी, असं मानून त्या गप्प बसतात. अगदी बिघडलेल्या लाडवांबाबत बसतात तसंच. कात्यायनी पटली नाही, असं खुशाल म्हणावं. त्याने भैरप्पा लहान होत नाहीत.

विवेक शानभाग यांची ‘घाचर घोचर’ ही २०१३ सालची कन्नड कादंबरी याच्या अगदी उलट, छोटी. एका दुपारी वाचून होते. श्रीनाथ पेरूर यांचा इंग्रजी अनुवाद सहज मिळतो. बेंगळूरुतलं एक चाकोरीतलं कुटुंब मसाल्याच्या व्यापारात अचानक पैसेवालं होतं, आणि त्या पैशाने माणसं आतून कशी बदलतात, याची ही गोष्ट. तिच्यात एक बाई काकांसाठी मसुरीची आमटी डब्यात घालून दारात येते आणि घरातल्या बायका तिला हाकलतात. सांडलेल्या त्या आमटीचा वास पुस्तक मिटल्यावरही जात नाही. घराच्या एकीची किंमत काय असते, हे एवढ्या थोडक्या शब्दांत फार कमी लेखकांनी सांगितलं असेल. उणीव एकच. आई आणि बहीण यांच्या तोंडची धार दिसते, पण त्यांच्या मनातली भीती पुरेशी दिसत नाही. शेवट लेखक उघड सांगत नाही. त्यावर काहीजण चिडतात, पण तो तसाच हवा होता.

नव्या बिऱ्हाडाने पैसे कशावर घालावेत? ‘रुचिरा’ विकतच घ्यावी. ‘वंशवृक्ष’ आधी वाचनालयातून आणावी. ‘घाचर घोचर’ घेतली तर घरात दोघांनीही वाचावी, नाहीतर तिच्यावर बोलायला कोणी उरत नाही. आणि ‘रुचिरा’च्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवावं: हेब्बाळ, उसळीला अर्धी वाटी पाणी जास्त, पीठ थंडीत झाकून ओव्हनमध्ये, ब्याडगी दीड चमचा.