तिकीट काढण्याआधी मध्यस्थाकडे या

वेगळं राहणाऱ्या, घटस्फोट झालेल्या आई-बाबांनो,

तुमच्यापैकी कुणी मुलाला घेऊन परदेशी जायच्या विचारात असेल, तर नोकरीचं पत्र हातात पडलं त्याच आठवड्यात समोरच्याला कळवा आणि मध्यस्थाची वेळ घ्या. व्हिसा आल्यावर नको, शाळेतून दाखला काढल्यावर तर नकोच. आम्ही मध्यस्थीला बसणारी माणसं, आणि बहुतेकदा उलटंच पाहतो. एकाने सगळं ठरवून मग सांगायचं, दुसऱ्याने पासपोर्टच्या संमतिपत्रावरची सही अडवायची, आणि विमानाच्या तोंडावर मनाई हुकमासाठी वकिलांची पळापळ. तोवर पोराने वर्गातल्या मित्रांचा निरोपही घेतलेला असतो.

न्यायालय निकाल देतंच. नोकरीसाठी ऑस्ट्रेलियाला निघालेल्या आईला मुलगा सोबत न्यायची मुभा 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच दिली. मुलाच्या हितासाठी ताब्याचा आदेश बदलता येतो, हेही सांगितलं. पण तुमच्या घरातले बारकावे न्यायाधीशांना किती ठाऊक असणार? इथून शनिवारी संध्याकाळी साडेसातला बाबांनी फोन लावला, तर उन्हाळ्यात न्यूजर्सीत सकाळचे दहा वाजलेले असतात. नोव्हेंबरात तिथली घड्याळं मागे सरकली की नऊ. नेमका तेव्हाच लेकीचा पोहण्याचा क्लास असेल तर? आपल्याकडे सुट्टी मे महिन्यात, तिथली शाळा जूनमध्येही चालू. मग आजीकडे यायचं कधी, विमानाचं भाडं कुणी भरायचं, पासपोर्टचं नूतनीकरण आलं की सही किती दिवसांत करायची? हे सगळं टेबलाशी बसून एकेक करत सुटतं. तिथे कुणी निकाल देत नाही आणि सही केल्याशिवाय कुणी बांधलंही जात नाही. जमलं नाही तर न्यायालय आहेच.

घाईचं खरं कारण वेगळं आहे. परदेशी नेलेलं मूल परत मिळवण्यासाठी 1980 चा हेग करार आहे, पण भारत त्यात सामील नाही. एकदा विमान उडालं की मागे राहिलेल्या पालकाला परक्या देशातल्या कोर्टात स्वखर्चाने उभं राहावं लागतं. म्हणून जे ठरेल ते इथल्या कुटुंब न्यायालयात दाखल करून त्याचा हुकूम करून घ्या; आणि जायचं त्या देशात तशाच अटींचा आदेश, ज्याला वकील मंडळी ‘मिरर ऑर्डर’ म्हणतात, मिळतो का, ते निघण्याआधी तिथल्या वकिलाला विचारा.

मारहाण, धमक्या झाल्या असतील, तर समोरासमोर बसलंच पाहिजे असं मुळीच नाही. मध्यस्थाला आधी सांगा, दोन खोल्यांत बसूनही बोलणी होतात. तेही नको असेल तर थेट न्यायालयात जा. ‘मिटवून टाका एकदाचं’ म्हणणारे काका-मामा म्हणजे मध्यस्थ नव्हेत.

खटला चालू असेल तर न्यायाधीशांकडे मध्यस्थी मागा. 1984 च्या कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम 9 नुसार समेटाचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कर्तव्य आहे, तेव्हा संकोच नको. खटला नसेल किंवा खर्चाची अडचण असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा किंवा 15100 वर फोन लावा.

पहिल्या बैठकीला नोकरीचं पत्र, तिथल्या शाळेची माहिती, राहण्याचा पत्ता आणि ताब्याबाबतचे आधीचे आदेश घेऊन या. मुलाचा पासपोर्ट कुणाच्या कपाटात आहे, हेही त्याच दिवशी स्वतःच्या तोंडाने सांगा.