कचेरीची पायरी

शेतकऱ्याच्या मुलाला महाविद्यालयाच्या वर्गांत बसण्याआधीं एक इमारत ओलांडावी लागते. तींत गुरुजी नसतात, पुस्तकें नसतात. असतात कारकून आणि अर्जांचे गठ्ठे. पण मुलाचें नशीब तेथेंच ठरतें.

अमेरिकेंतील मिसिसिपी राज्यांत ऑक्सफर्ड गांवीं विद्यापीठाची 'लायसियम' नांवाची जुनी इमारत आहे. विद्यापीठ १८४८ सालीं सुरू झालें तेव्हांपासूनची ती. तिच्या बांधकामांत काळ्या गुलामांचा घाम जिरला. पण त्यांच्या नातवंडा-पतवंडांना तेथें प्रवेश नव्हता. सारा कारभार याच इमारतींतून चाले.

जेम्स मेरेडिथ हा काळ्या शेतकऱ्याचा मुलगा. नऊ वर्षें हवाई दलांत नोकरी केलेला. १९६१ च्या जानेवारींत त्यानें अर्ज पाठविला व आपण काळे आहों हें स्वच्छ लिहिलें. कचेरीची उलट तार आली : मुदत संपली! शिवाय पांच माजी विद्यार्थ्यांचीं शिफारसपत्रें हवींत, अशी अट होतीच. अटींत रंगाचा शब्द नव्हता. पण माजी विद्यार्थी सारे गोरे. ते काळ्याला पत्र कशाला देतील? शाळांतील रंगभेद १९५४ सालीं वरिष्ठ कोर्टानें बेकायदा ठरविल्यावर त्याच वर्षीं ही अट घालण्यांत आली, हें विसरूं नये.

मेरेडिथनें कचेरीचा शब्द शेवटचा मानला नाहीं. पुन्हां पुन्हां पत्रें लिहिलीं. कॉन्स्टन्स बेकर मॉटली या काळ्या वकीलबाईंच्या मदतीनें फिर्याद लावली. १९६२ सालीं कोर्टानें ती अट रद्द केली. ३० सप्टेंबरच्या रात्रीं जमावानें इमारतीवर हल्ला केला. दोन माणसें मेलीं. मध्यवर्ती सरकारचे शेंकडों अंमलदार तेथें पहारा देत होते. दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्याच इमारतींत मेरेडिथचें नांव दाखल झालें. १८ ऑगस्ट १९६३ रोजीं त्यानें पदवी घेतली.

आमच्या गांवचा एक सुतार मुलाचा एक दाखला कमी म्हणून कचेरीच्या खिडकीवरून परत आला. मुदत किती, दाद कोठें मागावी, हें त्यानें विचारलेंच नाहीं. मुलाचें वर्ष गेलें. प्रत्येक अट दुष्टाव्याची असते असें आम्ही म्हणत नाहीं. मुदत हवी, दाखलेही हवेत. पण जी अट गरिबाच्या घरीं पुरी होऊंच शकत नाहीं, ती अट नव्हे, भिंत होय.

म्हणून बंधूंनो, कचेरींत जातांना जाणता माणूस बरोबर न्या. अर्जाची नक्कल व पोंच जवळ ठेवा. नकार मिळाला तर तो लेखी मागा. तोंडी नकार कोर्टांत शाबीत करणें कठीण, आणि तोंडी नकार ऐकून पायरी उतरणाऱ्या बापाच्या मागें मुलाचीही पायरी सुटते.