माईकला शिव्या देण्याआधी

दवनीवाडा आणि आसपासच्या गावांतल्या भजन मंडळांनो, दंडारवाल्यांनो, हे तुमच्यासाठी लिहितोय. दिवाळी झाली की मंडईचे दिवस येतात आणि गावं रात्रभर जागतात. हल्ली बिछायतवाल्याकडे कॉर्डलेस माईकही भाड्याने मिळतो. मग खंजिरीवाला स्टेज सोडून लोकांत शिरतो, नाचत नाचत पार मागच्या रांगेपर्यंत जातो. लोकांना ते आवडतं. मलाही आवडतं. पण घोटाळा तिथेच होतो. स्टेजवर पेटी एकीकडे, मैदानात खंजिरी भलतीकडे. पेटीवाला अडखळतो, तबलजी डोळे वटारतो आणि कोणीतरी ओरडतं, "भाऊ, माईक बिघडला जी!"

बहुतेक वेळा माईक धडधाकट असतो. नवा महाग सेट घ्यायला वर्गणी काढण्याआधी एवढं वाचा.

वैनगंगेच्या पलीकडच्या काठावर कोणी कपडे धूत असेल, तर कपडा दगडावर आपटलेला आधी दिसतो, धप्प नंतर ऐकू येतं. आवाज हवेतून सेकंदाला जेमतेम 340 मीटर चालतो, म्हणजे मीटरमागे सुमारे 3 मिलिसेकंद. माईकच्या रेडिओलहरी मात्र सेकंदाला 3 लाख किलोमीटर जातात, त्यांना मैदान काय आणि तालुका काय. डिजिटल कॉर्डलेस सेट आवाजाचे आकडे करून पाठवतो, त्यात त्याचे साधारण 2 ते 6 मिलिसेकंद जातात. एवढा उशीर तर तबल्यापासून दोन पावलं लांब बसलं तरी होतो.

आता खंजिरीवाला 40 मीटर लांब गेला असं धरा. स्टेजच्या बॉक्समधून निघालेली पेटी त्याच्या कानाशी पोचायला जवळपास 120 मिलिसेकंद लागतात. तो बिचारा ऐकू येईल त्या ठेक्यावर इमानाने थाप मारतो. ती थाप माईकमधून क्षणात स्टेजच्या बॉक्सवर येते, पण असते 120 मिलिसेकंद शिळी. मिनिटाला 120 मात्रांची लय असेल तर ही जवळजवळ पाव मात्रा झाली. पेटीवाला तिला सांभाळायला लय ओढतो, ती ओढलेली लय पुन्हा उशिरानेच मैदानात पोचते, खंजिरी आणखी मागे पडते. चूक दोघांचीही नसते, आणि भांडण मात्र दोघांत लागतं.

पटत नसेल तर शाळेच्या मैदानावर दोघांनी पन्नास पावलांवर उभं राहावं, डोळे मिटावेत आणि एकमेकांच्या टाळीवर टाळी द्यावी. थोड्याच वेळात टाळ्या रेंगाळायला लागतील. मग डोळे उघडून मध्ये उभ्या केलेल्या तिसऱ्याच्या हाताकडे बघत तेच करा. जमेल. नजरेला उशीर होत नाही. पंढरीच्या दिंडीतही मृदंगी टाळकऱ्यांच्या मध्येच चालतो. मृदंग कानाशी असला की टाळ भरकटत नाही.

तेव्हा लांब जाणाऱ्याने मोठ्या बॉक्सच्या मागे धावायचं नाही. त्याच्या कानाजवळ पेटी-तबला पोचवायचा. पैसे असतील तर कानात घालायचा वायरलेस मॉनिटर मिळतो. नसतील तर मैदानात जिथे तो नाचणार आहे तिथे एक लहान बॉक्स ठेवा आणि मिक्सरपासून वायर ओढा. वायरीतून आवाज लगेच येतो. फक्त त्या बॉक्सवर स्टेजचाच आवाज सोडा. खंजिरीचा माईक त्यात दिलात तर शिटी वाजलीच म्हणून समजा.

इथे साउंडवाल्याला एक गोष्ट नीट समजावा. मागच्या प्रेक्षकांसाठी मैदानात मोठे बॉक्स लावले असतील, तर तो त्यांना मुद्दाम उशीर लावतो. 34 मीटरवर बॉक्स, तर 100 मिलिसेकंद. त्यामुळे मागे बसलेल्याला एकच आवाज दोनदा आल्यासारखा वाटत नाही, म्हणजे त्याचं बरोबरच आहे. पण खंजिरीवाला त्याच बॉक्सखाली उभा राहिला की पुन्हा तीच फसगत. कलाकाराच्या बॉक्सला उशीर लावायचा नाही, लोकांच्या बॉक्सला लावायचा. हे दोन वेगळे बॉक्स आहेत, हे दहा वेळा सांगावं लागलं तरी सांगा.

आणि ब्लूटूथ! लग्नात गाणी वाजवायला ठीक आहे, साथीला अजिबात नको. नेहमीच्या ब्लूटूथ बॉक्सवर आवाज 100 ते 200 मिलिसेकंद, कधी त्याहून जास्त उशिरा येतो. तो मांडीवर घेऊन बसलात तरी ठेका जुळायचा नाही.

काहीच विकत किंवा भाड्याने घ्यायचं नसेल, तर स्टेजच्या कडेला एकाला उभं करा. मान हलवणारा नको, हात वर उचलून सम दाखवणारा हवा, अंगात पांढरा सदरा, म्हणजे उजेडात दिसेल. खंजिरीवाल्याने त्याच्यावर नजर ठेवायची. गर्दीत ती सुटतेच, म्हणून पाठ फिरवून नाचायचं कडवं आणि लांब जायचं कडवं वेगळं ठेवा.

चाचणी लोक जमायच्या आत, उजेडी घ्या. खंजिरीवाल्याला वाजवत वाजवत मागे चालू द्या, पेटीवाल्याने ऐकत राहावं. पेटीवाल्याने "थांब ना गा" म्हटलं की तिथेच मैदानावर चुन्याची रेघ मारा. रात्री त्याने तिच्या अलीकडेच नाचायचं.