धुराडं काढू नकोस

महाड औद्योगिक वसाहतीच्या कुंपणापलीकडे पावसाळा सरला तरी पाणी साचून राहतं. दलदलच म्हणा. लव्हाळे, पाणकणीस, चार बगळे. ऑक्टोबरात सहा वाजून गेले की सूर्य कारखान्यांच्या मागे उतरतो आणि दहा-पंधरा मिनिटं तो सगळा चिखल घासलेल्या परातीसारखा उजळतो.

हे दृश्य मी तेलरंगात रंगवायला घेतलं. पहिले दोन कॅनव्हास वाया गेले. नारिंगी, पिवळा, लाल सढळ हाताने वापरला आणि चित्र किराणा दुकानाच्या कॅलेंडरसारखं झालं. मग उमगलं की उजेड पिवळ्या रंगात नसतो, त्याच्या शेजारच्या करड्यात असतो. निळ्यात नारिंगी मिसळून मळकट करडा करायचा, चिखल मन लावून रंगवायचा, पाणी आकाशापेक्षा किंचित गडद ठेवायचं. ते वाळलं की जवसाच्या तेलात पातळ केलेल्या रंगाचा पारदर्शक हात फिरवायचा, आणि पुन्हा दिवसचे दिवस थांबायचं. सगळ्यात लख्ख ठिपका एकच, तोही शेवटी.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. आमच्या उर्दू शाळेतल्या आठवीच्या एका मुलाने हीच जागा पोस्टर कलरमध्ये रंगवून आणली. मधोमध कारखान्याचं उंच धुराडं. मी म्हटलं, "हे काढू नकोस रे, सूर्यास्त बिघडतो." तो म्हणाला, "टीचर, अब्बू वहीं तो हैं अभी." अब्बूंची दुसरी पाळी होती.

मी गप्प झाले. माझ्या दोन्ही कॅनव्हासवर धुराडं नव्हतं. ते मला दिसलं नव्हतं असं नाही, मी ते वगळलं होतं.

एलिमेंटरीच्या परीक्षेला स्मरणचित्र असतं. स्मरण म्हणजे स्वतःचं, असं आपण समजतो. मुलं मात्र दोन त्रिकोणी डोंगर, अर्धा सूर्य, एक माड आणि होडी काढतात. बिरवाडीच्या मुलाने होडी कुठे पाहिली? त्याला आठवतं ते आधीच्या कुणाचं तरी चित्र. हे आम्हीच शिकवलं. सुंदर म्हणजे आपल्या घरापासून लांबचं, हा धडा कुठल्याच पुस्तकात नाही, तरी सगळ्यांना पाठ आहे.

धूर चांगला, असं मी म्हणत नाही. संध्याकाळी वास सुटला की खिडकी मीही लावून घेते. पण चित्रातून धुराडं पुसल्याने हवा साफ होत नाही. त्याच्या खाली राबणारा माणूस तेवढा पुसला जातो.

आमच्यात काहींना चित्राचंच वावडं असतं. त्यांना मी इब्ने अब्बास यांची हदीस सांगते. चित्रं काढून पोट भरणाऱ्या माणसाला त्यांनी झाडं आणि निर्जीव वस्तू काढायला सांगितलं होतं. धुराड्याला तर रूह नसतेच. (बगळ्यांचं काय, हे विचारू नका. मी ते लांबचे ठिपके ठेवलेत.) आणि कोल्हापूरचे आबालाल रहिमान आपलेच ना? कुराणाच्या हस्तलिखित प्रती करणाऱ्या घराण्यातले, जे. जे.त शिकलेले, शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार. 1931 मध्ये वारले. मोठं नाव मिळवूनही ते कोटितीर्थाच्या काठी राहिले आणि रोजच्या पायाखालचं तळं, झाडं, बदलता उजेड पुन्हा पुन्हा रंगवत राहिले. निसर्ग शोधायला काश्मीर गाठावं लागलं नाही. आमच्या शाळांत त्यांचं नाव मुलांना माहीत नसतं, हा दोष सरकारचा कमी, आम्हा शिक्षकांचा जास्त.

तिसऱ्या कॅनव्हासवर धुराडं आहे. गंमत म्हणजे त्याच्या काळपट उभ्या रेघेमुळेच पाणी आता खरोखर पेटल्यासारखं दिसतं. रंग अजून ओला आहे. परवा त्या मुलाला दाखवलं. बराच वेळ पाहून तो म्हणाला, "टीचर, ये ग़लत वाला है. अब्बू का बाजू वाला है, थोड़ा छोटा."

बाजूला जागा आहे. वाळलं की काढेन.